मावळत्या ताऱ्याची नोंदवही

(सामुदायिक रेडिओवर एप्रिल २०२५ मध्ये झालेलं भाषण, वाचकांसाठी थोडं वाढवून)



मागच्या वेळी आपण गटाच्या नोंदवह्या कशा लिहायच्या यावर बोललो होतो. आजही वहीबद्दलच बोलायचं आहे, पण ही वही हप्त्यांची किंवा कर्जांची नाही. ती आकाशातल्या एका ताऱ्याची आहे. दहा वर्षांपूर्वी, २०१५ च्या मार्च ते जूनमध्ये, कांदिवली पूर्वेच्या आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर ती लिहिली गेली. तिच्या एका पानावर मी खाडाखोड केली आहे. ती का केली आणि तिने काय नुकसान झालं, ते आज सांगते.

आजच का सांगते, तर उत्तर मुकुट नावाच्या तारकासमूहात एक तारा सध्या कधीही उजळेल अशी चिन्हं आहेत. मागच्या वेळी तो उजळला १९४६ साली. म्हणजे हा तमाशा ऐंशी वर्षांतून एकदाच. तो हुकू नये आणि पाहिला तर नीट लिहिला जावा, म्हणून हे बोलणं.

नवतारा, पण नवा नव्हे

असा अचानक उजळणारा तारा म्हणजे नवतारा. नाव नवतारा असलं तरी तो नवा नसतो. खरं तर ते दोन ताऱ्यांचं बिऱ्हाड असतं. त्यातला एक म्हातारा, आटून गेलेला. त्याला श्वेत बटू म्हणतात. आकाराने पृथ्वीएवढा, पण वजनाने साधारण आपल्या सूर्याच्या तोडीचा. दुसरा त्याचा जोडीदार. जोडीदाराच्या अंगावरचा हायड्रोजन वायू बटूकडे ओढला जातो आणि त्याचा थर बटूवर साचत राहतो. वर्षानुवर्षं दाब वाढतो, उष्णता वाढते आणि एक दिवस तो सगळा थर एकदम पेटतो.

गॅसवर दूध ठेवून आपण दाराशी बोलायला गेलो की काय होतं? बराच वेळ काहीच हलत नाही आणि मग एका क्षणात सगळं वर येऊन उतू जातं. भांडं मात्र जागेवर असतं. नवताऱ्याचंही तसंच. वरचा थर उडून जातो, तारा शाबूत राहतो आणि पुन्हा थर साचायला सुरुवात होते. तारा स्वतःच फुटून जातो, त्याला अतिनवतारा म्हणतात. ती गोष्ट वेगळी.

उजळायला नवताऱ्याला तास किंवा दिवस लागतात. मावळायला मात्र आठवडे, महिने, कधी वर्षं. वर्तमानपत्रात बातमी येते ती उजळल्याची. मावळण्याची बातमी कोणी देत नाही. पण आत काय घडलं ते कळतं मावळण्यातूनच. म्हणून बातमी जुनी झाल्यावरही रोज गच्चीवर जाणारी माणसं लागतात.

तेज मोजायचं म्हणजे काय

ताऱ्याच्या तेजाला ‘प्रत’ म्हणतात. यात एक उलटी गोष्ट आहे, ती आधीच लक्षात ठेवा: आकडा लहान, तर तारा तेजस्वी. पहिल्या प्रतीचा तारा झगझगीत आणि सहाव्या प्रतीचा म्हणजे अगदी काळोख्या गावातही डोळे ताणून दिसणारा. आपल्या शाळेत पहिला नंबर मोठा असतो ना, तसंच.

पहिल्या आणि सहाव्या प्रतीत पाच प्रतींचं अंतर. ते तेजाच्या हिशेबात बरोबर शंभर पट धरतात. म्हणजे एक प्रत खाली गेली की तेज सुमारे अडीच पटीने घटलं. हे गणित १८५६ साली नॉर्मन पॉग्सन यांनी मांडलं. पुढे ते मद्रासच्या वेधशाळेचे प्रमुख झाले. त्यांची मुलगी आयसिस १८७३ पासून तिथेच त्यांची मदतनीस होती आणि तिने सुमारे पंचवीस वर्षं ते काम केलं. १८८६ मध्ये इंग्लंडच्या रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीसाठी तिचं नाव सुचवलं गेलं, पण बायकांना घेता येत नाही म्हणून मागे घ्यावं लागलं. फेलो म्हणून ती निवडली गेली १९२० मध्ये, म्हणजे चौतीस वर्षांनी. प्रत हा शब्द उच्चारताना मला वडिलांच्या आधी ती आठवते.

किटलीच्या पोटातला ठिपका

आता आमच्या वहीकडे येते. १५ मार्च २०१५ रोजी ऑस्ट्रेलियात जॉन सीच नावाच्या हौशी निरीक्षकाने कॅमेऱ्याने आकाशाचे फोटो काढले. त्यांत धनू राशीत एक जास्तीचा ठिपका होता, सहाव्या प्रतीचा. तो नवतारा निघाला. २१ मार्चच्या सुमारास तो सव्वाचारच्या आसपास पोचला. यादीत त्याचं नाव ‘व्ही ५६६८ सॅजिटेरी’, पण आमच्या गच्चीवर त्याला ‘किटलीतला’ म्हणायचो.

धनू राशीतल्या ठळक ताऱ्यांचा आकार चहाच्या किटलीसारखा दिसतो. आपल्या पंचांगातलं पूर्वाषाढा नक्षत्र म्हणजे किटलीची तोटीकडची बाजू आणि उत्तराषाढा म्हणजे मुठीकडची बाजू. नवतारा या दोन्हींच्या मध्ये, किटलीच्या पोटातच होता.

त्या दिवसांत आमच्याकडे पहाटे साडेचारला पाणी यायचं. पिंपं भरायला उठायचंच होतं. मार्च-एप्रिलमध्ये नेमकी त्याच वेळी धनू रास आग्नेयेला वर आलेली असते. आमच्या गच्चीवरून त्या बाजूला राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर आहेत, त्यामुळे उजेड जरा कमी. कॉलेजात असताना मी खगोल मंडळाच्या वांगणीच्या रात्रभराच्या कार्यक्रमाला गेले होते, तेव्हापासून एक जुनी दहा बाय पन्नासची बायनॉक्युलर घरात होती. पाण्याचा नळ लावायचा, गच्चीवर जायचं, दहा मिनिटांत नोंद करून खाली यायचं, असा बेत ठरला.

एकटीने गच्चीवर जायचं नाही, असं घरच्यांनी सांगितलं. मग आमच्या गटातल्या काकू सोबत यायला लागल्या. काकू पाचवी शिकलेल्या. इकडे मालाड-कांदिवलीत घरोघरी इमिटेशन दागिन्यांना खडे चिकटवायचं काम चालतं, ते त्यांनी वीस वर्षं केलेलं. पहिल्या दिवशी बायनॉक्युलर डोळ्याला लावून म्हणाल्या, “किटली कसली गं, मला तर सांडलेले खडे दिसतायत.”

आणि आठवड्याभरात माझ्या लक्षात आलं की त्यांचा डोळा माझ्यापेक्षा तयार आहे. एकाच रंगाच्या खड्यांत कोणता किंचित मंद आहे, हे ओळखण्यात त्यांची वीस वर्षं गेली होती.

डोळ्याने मोजण्याची रीत

डोळ्याला आकडा सांगता येत नाही. “हा ५.१ प्रतीचा आहे” असं कोणालाही नुसतं बघून कळत नाही. डोळ्याला तुलना मात्र छान जमते. म्हणून ज्यांचं तेज ठरलेलं आहे आणि बदलत नाही, असे शेजारचे तारे घ्यायचे. त्यांना तुलनेचे तारे म्हणतात.

अमेरिकेत १९११ साली रूपविकारी तारे पाहणाऱ्यांची एक संस्था सुरू झाली, एएव्हीएसओ. रूपविकारी म्हणजे तेज बदलणारे. ही संस्था प्रत्येक ताऱ्यासाठी नकाशा फुकट देते आणि जगभरातल्या हौशी लोकांच्या नोंदी जमा करते. मी झेरॉक्सच्या दुकानातून नकाशाची प्रिंट काढून आणली. नकाशात तुलनेच्या ताऱ्याशेजारी ४६ लिहिलेलं असेल, तर ते ४.६ वाचायचं. मधला टिंब मुद्दाम देत नाहीत, नाहीतर तोही एक ताराच वाटेल!

आता रीत बघा. नवताऱ्यापेक्षा थोडा उजळ असा एक तारा शोधायचा आणि थोडा मंद असा एक. समजा, उजळ तारा ४.६ चा आहे आणि मंद तारा ५.६ चा. दोघांमध्ये एका प्रतीचं अंतर. त्या अंतराचे मनात दहा भाग करायचे. नवतारा उजळ ताऱ्यापासून किती भाग खाली वाटतो? चार भाग? मग ४.६ मध्ये ०.४ मिळवायचे. प्रत झाली ५.०. काकूंना मी दशांश समजावत बसले नाही. त्या म्हणायच्या, “ह्याच्याहून बारीक, त्याच्याहून ठळक, पण ह्याच्याकडे जास्त झुकलेला.” आकडा मी लिहायचे. हात बसला की अशा नोंदीत एक-दोन दशांशांचाच फरक राहतो.

काही पथ्यं मात्र पाळावी लागतात. गच्चीवर गेल्यावर निदान पंधरा मिनिटं डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्यायची. मोबाइल बघायचा नाही. टॉर्चला लाल जिलेटीन पेपर लावायचा. तारा क्षितिजाजवळ असला की हवेच्या जाड थरामुळे मंद दिसतो, म्हणून तुलनेचे तारेही साधारण त्याच उंचीवरचे घ्यायचे. लाल ताऱ्याकडे टक लावून पाहिलं तर तो उगीचच उजळ भासतो आणि नवतारा मावळताना बरेचदा लालसर होतो. म्हणून नजर रोखायची नाही, या ताऱ्यावरून त्या ताऱ्यावर भरभर फिरवायची. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कालचा आकडा आधी बघायचा नाही.

हे शेवटचं पथ्यच मी मोडलं.

खोडलेला आकडा

एप्रिलमधली एक पहाट. वही उघडताना आदल्या दिवशीचा आकडा डोळ्यांसमोर आला: ५.७. मनात लगेच हिशेब झाला, मावळता तारा आहे, आज ५.८ असणार. बायनॉक्युलर लावली तर तो स्पष्टच उजळ वाटला. दोनदा पाहिलं. पेन्सिलीने ५.३ लिहिलं.

काकूंनी पाहिलं आणि म्हणाल्या, “काल याच्याहून बारीक होता गं.”

मी म्हटलं, “काकू, मावळता तारा असा मधेच वाढत नाही. आपली झोप झालेली नाही, म्हणून वाटतंय तसं.”

आणि मी रबराने ५.३ खोडून ५.८ लिहिलं. काकू काही बोलल्या नाहीत. खाली पाणी वाहून जात होतं, आम्ही उतरलो.

आठ-दहा दिवसांनी भाच्याच्या कॉम्प्युटरवर मी जगभरच्या नोंदींचा आलेख उघडला. त्यात हा नवतारा सरळ उतरत गेलाच नव्हता. कमाल तेजानंतर तो खाली आला, पुन्हा चढला, पुन्हा उतरला, असं मे महिन्यापर्यंत अनेकदा झालं होतं. त्या पहाटे तो खरंच चढत होता. जपानपासून युरोपापर्यंतच्या लोकांनी तसं लिहिलं होतं, पाचवी शिकलेल्या काकूंनी पाहिलं होतं आणि मी खोडलं होतं.

माझ्या नोंदी अजून पाठवायच्या होत्या. काकूंना म्हटलं, “तुमचंच बरोबर होतं. आता परत ५.३ करू का?”

काकू म्हणाल्या, “आपल्या गटाच्या वहीत असं करू देशील? खोडून लिहायचं आणि मग दुसऱ्यांचं बघून परत खोडायचं?”

बरोबर होतं त्यांचं. गावोगावच्या गटांना मीच शिकवते की वही पेनाने लिहा, चूक झाली तर एक आडवी रेघ मारा, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी सही करा. व्हाइटनर लावलेली वही ऑडिटला चालत नाही. वही फार नीटनेटकी दिसली की मलाच शंका येते. त्या पहाटेची नोंद मी पाठवली नाही. ती ओळ आजही कोरी आहे. दुसऱ्या दिवसापासून पेन्सिल बंद, पेन सुरू.

कॅमेरा काय वेगळं करतो

मे महिन्यात भाचा सुट्टीला आला आणि त्याने आपला डीएसएलआर कॅमेरा गच्चीवर लावला. कॅमेऱ्याचा मोठा फायदा म्हणजे त्याला कालचा आकडा आठवत नाही.

रीत सोपी आहे. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवायचा. हात लागून हलू नये म्हणून टायमर लावायचा. चार-पाच सेकंदांचे दहा-बारा फोटो काढायचे. फोकस किंचित बिघडवायचा, कारण तारा टाचणीच्या टोकाएवढा आला तर मधले पिक्सेल भरून जातात आणि पुढचं तेज मोजलंच जात नाही. भांडं काठोकाठ भरलं की वरून किती सांडलं ते कळत नाही, तसं. फोटो रॉ फाइलमध्ये ठेवायचे, कारण नेहमीच्या फोटोत मशीन स्वतःच्या मनाने उजेड कमी-जास्त करतं. मशीनलाही खाडाखोडीची सवय असते म्हणा ना!

मग कॉम्प्युटरवर ताऱ्याभोवती एक छोटं वर्तुळ काढून आतला सगळा प्रकाश मोजतात. त्यातून शेजारच्या मोकळ्या आकाशाचा प्रकाश वजा करतात. मुंबईच्या आकाशात ही वजाबाकी मोठीच असते. तुलनेच्या ताऱ्याचंही तसंच करतात आणि दोन्हींची तुलना करून प्रत काढतात. शिवाय तेज माहीत असलेला आणखी एक तारा मोजतात. त्याचं उत्तर बरोबर आलं, तर आपलंही बरोबर. हिशेबाचा ताळा करतो तसा हा ताळा. नीट केलं तर दशांशाच्याही खालचा फरक पकडता येतो.

तरी एक गंमत झाली. एकाच पहाटे काकूंच्या डोळ्याचा आकडा आणि भाच्याच्या कॅमेऱ्याचा आकडा यांत तीन दशांशांचा फरक आला. भाचा म्हणाला, “मामी, कॅमेराच बरोबर.” पण तसं नसतं. नवतारा मावळू लागला की त्याचा प्रकाश काही ठरावीक रंगांत गोळा होतो, विशेषतः हायड्रोजनच्या लाल रंगात. डोळा तो लाल रंग एका तऱ्हेने घेतो, कॅमेरा दुसऱ्या तऱ्हेने. कॅमेऱ्यात लाल, हिरवा आणि निळा असे तीन रंगांचे पिक्सेल असतात. त्यातला हिरवा आपल्या डोळ्याच्या सगळ्यात जवळचा, म्हणून मोजायला तोच वापरतात. तरी थोडा फरक राहतोच. आम्ही वहीत दोन रकाने केले: ‘डोळा’ आणि ‘कॅमेरा, हिरवा’. एकाला दुसऱ्याशी जुळवायला गेलो नाही.

फोटोचा दुसरा उपयोग म्हणजे तो पुन्हा उघडता येतो. अमेरिकेत हार्वर्डच्या वेधशाळेत काचेवर घेतलेले आकाशाचे फोटो तपासायला बायका कामाला होत्या. त्यातल्या विल्यमिना फ्लेमिंग आधी वेधशाळेच्या संचालकांच्याच घरी मोलकरीण होत्या. नवऱ्याने सोडलेल्या, पदरात मूल. १८८१ पासून त्या वेधशाळेत रीतसर कामाला लागल्या आणि त्या काचा तपासून त्यांनी दहा नवतारे शोधले. भुजंगधारी समूहातला एक तारा १८९८ साली उजळून गेला होता, तेही अशाच काचांवरून नंतर कळलं. पाहिलं कोणीच नव्हतं, पण नोंद होती.

खजिन्यातला कारकून

आता म्हणाल, डोळ्याच्या नोंदींना आजकाल कोण विचारतं? एका माणसाची गोष्ट सांगते. राधागोविंद चंद्र, बंगालमधल्या जेसोरचे. प्रवेश परीक्षा पास होऊ शकले नाहीत, म्हणून तिथल्या सरकारी खजिन्यात नोकरी धरली. काम नाणी मोजण्या-पारखण्याचं. रात्री घरी येऊन तीन इंची दुर्बिणीतून तारे पाहायचे. जून १९१८ मध्ये गरुड समूहात एक नवतारा इतका उजळला की आकाशातल्या सगळ्यात ठळक ताऱ्यांच्या पंक्तीत जाऊन बसला. चंद्र यांनी तो स्वतःच ओळखला आणि पुढे त्याचं मावळणं टिपत राहिले. ते पाहून त्यांना एएव्हीएसओने सभासद करून घेतलं. १९१९ ते १९५४ या काळात त्यांनी सदतीस हजारांवर नोंदी पाठवल्या. संस्थेने १९२६ साली त्यांना अमेरिकेहून सहा इंची दुर्बीण पाठवून दिली. दिवसभर नाणी पारखणाऱ्या माणसाचे आकडे जगाने मानले, कारण ते पस्तीस वर्षं एकाच रीतीने लिहिलेले होते.

मावळण्याने काय सांगितलं

जून २०१५ मध्ये आमचा किटलीतला तारा एकदम घसरला. आधी बायनॉक्युलरमधून गेला, मग कॅमेऱ्यातून. पुढे तो तेराव्या प्रतीजवळ पोचला. सव्वाचारवरून तेरा म्हणजे तेज जवळजवळ तीन हजार पटीने घटलं. काकू म्हणाल्या, “विझला बिचारा.” पण तो विझला नव्हता. उडालेला वायू थंड होत गेला आणि त्यात धुळीचे कण तयार झाले. त्या धुळीने तारा झाकला. अबू पर्वतावरच्या गुरुशिखर वेधशाळेत आपले शास्त्रज्ञ त्याला डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशात पाहत होते. त्या प्रकाशात तापलेली धूळ चमकताना दिसली. म्हणजे आपल्याला अंधार दिसला, तेव्हा तिथे पडदा ओढला जात होता. पुढे धूळ पांगली तसा तारा पुन्हा थोडा वर आला. तोवर आपल्याकडे पावसाचे ढग आले होते. तिथे धुळीचा पडदा, इथे ढगांचा!

म्हणूनच सुरुवातीपासूनच्या रोजच्या नोंदी लागतात. तारा दोन प्रतींनी खाली यायला किती दिवस लागले, यावरून स्फोट किती जोरदार होता याचा अंदाज येतो. मोठ्या दुर्बिणी कधी आणि कुठे वळवायच्या, हेही त्यावरून ठरतं. भुजंगधारीतला तो तारा २००६ च्या फेब्रुवारीत पुन्हा उजळला, तेव्हा नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीने त्याच्या कमी कंपनसंख्येच्या रेडिओ लहरी पकडल्या. इतक्या खालच्या कंपनसंख्येला त्या याआधी कोणालाच सापडल्या नव्हत्या. त्या शोधनिबंधावर पहिलं नाव पुण्याच्या एनसीआरए संस्थेतल्या निमिषा कंथारिया यांचं आहे.

आता उत्तर मुकुट

आता सुरुवातीला म्हटलेल्या ताऱ्याकडे येऊ. तो १८६६ मध्ये उजळला, १९४६ मध्ये उजळला. एरवी दहाव्या प्रतीचा, म्हणजे बायनॉक्युलरमधूनही शहरात न दिसणारा. उजळला की दुसऱ्या प्रतीपर्यंत जातो, दीड हजार पट तेजस्वी. अंतर सुमारे तीन हजार प्रकाशवर्षं. आज मी बोलते आहे तोपर्यंत तो उजळलेला नाही.

तो मावळतो फार वेगाने. सहा दिवसांत तीन प्रती खाली. म्हणजे कांदिवलीच्या आकाशात तो नुसत्या डोळ्यांना जेमतेम दोन-तीन दिवस दिसेल. त्यानंतर बायनॉक्युलर लागेल.

जागा आत्ताच ओळखून ठेवा. मे महिन्यात रात्री दहाच्या सुमारास सप्तर्षींच्या शेपटीची कमान पुढे वाढवा, नारिंगी स्वाती सापडेल. ईशान्येला खाली अभिजित चमकत असेल. स्वातीकडून अभिजितकडे निघालं की साधारण एक तृतीयांश वाटेवर अर्धगोल मुकुट लागतो. त्यातला सव्वादोन प्रतीचा एकच तारा आपल्याकडे नुसत्या डोळ्यांना दिसेल, बाकीचे बायनॉक्युलरमधून. तोच एक तारा तुमचा तुलनेचा तारा. त्याच्याजवळ, मुकुटाच्या पूर्वेकडच्या टोकाबाहेर त्याच्याच तोडीचा दुसरा ठिपका दिसला, तर वेळ लिहा.

आणि नाही दिसला तरी लिहा. ‘आज पाहिला, उजळलेला नाही’ हीसुद्धा नोंदच असते. तो नक्की कोणत्या रात्री उजळला, हे आदल्या रात्री ‘नाही’ लिहिणाऱ्यांमुळेच कळणार आहे. एका ओळीत तारीख, वेळ, दिसलेली प्रत, कोणते तुलनेचे तारे घेतले, चंद्र होता का, ढग होते का, एवढं पुरे. पेनाने. शिकायचं असेल तर वांगणीच्या कार्यक्रमाला जा, वरळीचं नेहरू तारांगण आहे, पुण्यात १९४४ पासूनची ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे. गच्चीवर मात्र दोघीतिघींनी मिळून जा.

काकू आता गावी असतात, सिंधुदुर्गात. तिथलं आकाश आपल्यापेक्षा कितीतरी काळं. जाताना माझी जुनी बायनॉक्युलर त्या घेऊन गेल्या. मागच्या आठवड्यात त्यांनी मोबाइलवर वहीच्या पानाचा फोटो पाठवला. मार्चमधल्या सोळा रात्री, सोळा ओळी. प्रत्येक ओळीत तारीख आहे, वेळ आहे आणि पुढे एकच शब्द आहे: नाही. एका ओळीत आधी ‘होय’ लिहून त्यावर आडवी रेघ मारलेली आहे आणि शेजारी सही. फोन करून विचारलं तर म्हणाल्या, “विमान होतं गं. पण लिहिलं होतं ना, मग खोडायचं कशाला?”

पुढच्या वेळी पुन्हा गटाच्या वहीकडे वळू. तोवर रात्री एकदा वर बघा आणि जे दिसेल ते लिहा.